पेटी बंद पडली, अमानत शाबूत आहे

गेल्या शाबानमध्ये आमच्या घरातली नेटवर्क स्टोरेजची पेटी अचानक बंद पडली. राउटरशेजारची ही दोन हार्ड डिस्कची पेटी सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो साठवून ठेवायची. बहिणीच्या निकाहचे फोटो, हजचे व्हिडिओ, सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती, सगळे तिच्यातच. आणि मरहूम अब्बांचा आवाजही. फज्रनंतर ते तिलावत करत असताना अम्मीने एकदा गुपचूप रेकॉर्ड केलेला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

भाच्याने पेटीतली एक डिस्क काढून विंडोज कंप्युटरला जोडली. पडद्यावर सूचना आली की, डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. "मामू, करू का?" त्याने विचारले. मी जवळजवळ ओरडलोच, "थांब, कॅन्सल दाब!"

हा लेख त्या एका बटणासाठीच लिहितो आहे.

विंडोजला डिस्क का वाचता येत नाही?

घरगुती नेटवर्क स्टोरेजच्या बहुतेक पेट्यांमध्ये लिनक्स चालते. त्यांच्या डिस्कवरची मांडणी एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस पद्धतीची असते. विंडोजला एनटीएफएस, एक्सफॅट आणि फॅट३२ समजतात. या दोन पद्धती ते स्वतःहून वाचत नाही. उर्दू न येणाऱ्याच्या हाती उर्दू किताब दिली, तर त्याला ती वाचता येणार नाही. पण म्हणून किताब कोरी ठरत नाही. विंडोज मात्र पाने कोरी करून द्यायला तयार असते. म्हणून 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' असे विचारले, तर नकारच द्यायचा.

आधी काय तपासावे?

पुष्कळदा बिघाड डिस्कमध्ये नसतो, पेटीच्या वीजपुरवठ्यात असतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा दुसरा ॲडाप्टर लावून पाहावा. डिस्क काढायच्याच असतील, तर पेटी बंद करून प्रत्येकीवर खणाचा क्रमांक चिकटवावा. त्याच कंपनीची चालू पेटी मिळाली, तर डिस्क त्याच क्रमाने तिच्यात बसवणे बरेचदा सोपे पडते. पण तिथेही नव्याने सेटअप करायची सूचना आली, तर पुढे जाऊ नये.

किती डिस्क लागतील, हे जोडणीवर ठरते. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तोच मजकूर असतो, म्हणून एक पुरते. रेड ५ मध्ये एखादी डिस्क कमी असली तरी चालते. रेड ० मध्ये मात्र सगळ्या डिस्क हव्यात.

डिस्क कशी वाचावी?

साटा-यूएसबी जोडणी घ्यावी. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टची वेगळी वीज लागते, ती देणारीच जोडणी घ्यावी. साधी एक्स्ट४ डिस्क असेल, तर विंडोजवर डिस्कइंटरनल्सचे लिनक्स रीडर पुरते. ते फक्त वाचते, डिस्कवर काही लिहीत नाही. म्हणून नवख्यालाही धोका कमी. विंडोज ११ मध्ये डब्ल्यूएसएल २ मधूनही अशी डिस्क उघडता येते.

रेडची जुळणी करायची असेल, तर दुसरा मार्ग सोपा. पेन ड्राइव्हवर उबंटू घालायचे आणि त्याच कंप्युटरवर 'ट्राय उबंटू' निवडून ते चालवायचे, 'इन्स्टॉल' नव्हे. विंडोजला धक्का लागत नाही. एमडीएडीएम ही आज्ञावली डिस्कची जुळणी ओळखते. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडावी आणि सगळे दुसऱ्या, रिकाम्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावे. पेटीत फोल्डर कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेले असतील, तर किल्ली किंवा पासवर्डशिवाय इलाज नाही.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर ऐकू आली, तर मात्र लगेच वीज काढावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. ते काम जाणकार प्रयोगशाळेचे.

आमचे काय झाले?

एकाच डिस्कवरून, उबंटूच्या मदतीने, रात्रभर नक्कल चालली. सकाळी ती फाइल सापडली. अम्मी मुसल्ल्यावरच बसली होती. अब्बांचा आवाज सुरू झाला आणि घरात कोणी बोलेना.

त्या दिवशी माझी चूकही मला कळली. दोन डिस्क आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. आता महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवतो, त्यातली एक बहिणीच्या घरी. पासवर्ड वहीत लिहून अम्मीच्या कपाटात ठेवला आहे, कारण उद्या मी नसलो तरी घरच्यांना पेटी उघडता यायला हवी.

आठवणी ही घराची अमानत आहे. या महिन्यात एक सुट्टी काढून तिची दुसरी प्रत करा. आणि संगणकाने फॉरमॅटचे विचारले, तर घाई करू नका.