छपाईयंत्रांनी थकवलेले कान

नंदुरबारहून सुरत-भुसावळ लोहमार्गाने गावोगावी जाऊन छपाईयंत्रांची दुरुस्ती करण्यात आपल्या घरातील ज्येष्ठ अभियंत्याचे आयुष्य गेले असेल, तर त्यांच्या कानांकडे अवश्य लक्ष द्यावे. यंत्राचा बिघाड आवाजावरून ओळखण्यासाठी त्यांना चालू यंत्राशेजारीच उभे राहावे लागे. दररोज ८ तास ८५ डेसिबलहून अधिक आवाज वर्षानुवर्षे कानी पडल्यास अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात; त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण आणि नातवंडांचे कोवळे बोल निसटतात. ‘बाबा हल्ली लक्षच देत नाहीत’ या तक्रारीचे मूळ बरेचदा येथेच असते. त्यांच्यावर ओरडू नका; समोर बसून सावकाश बोला. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या. श्रवणयंत्र वापरण्यात कमीपणा नाही; त्याने हरवलेला संवाद पुष्कळ अंशी परत मिळतो.