स्मृतीचा शोध : वर्गातून रुग्णापर्यंत

मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपला आवडता तास कोणता, असे विचारले तर तो बहुधा स्मृतीवरील तासाचे नाव घेईल. स्मृती हा प्रत्येकाच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. तरीही ती मेंदूत कशी साठते, सर्व स्मृती एकाच प्रकारची असते काय, हे प्रश्न विचारले की आपले अज्ञान ध्यानात येते. या प्रश्नांची आज जी उत्तरे दिली जातात, त्यांचा एक महत्त्वाचा धागा अशाच एका वर्गापाशी जाऊन पोहोचतो. त्याची हकीकत येथे थोडक्यात द्यावयाची आहे.

ब्रेंडा मिल्नर यांचा जन्म १९१८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. १९३६ मध्ये त्या केंब्रिज येथे गणित शिकण्यासाठी दाखल झाल्या. परंतु गणितात आपली गती पुरेशी नाही असे वाटल्यावरून त्यांनी मानसशास्त्र घेतले. १९४४ मध्ये त्या कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आल्या व तेथे अध्यापन करू लागल्या. त्याच शहरातील मॅकगिल विद्यापीठात प्रा. डोनाल्ड हेब यांचा चर्चावर्ग चालत असे. स्वतः शिक्षिका असूनही मिल्नर त्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसू लागल्या. हेब यांचा पुढे १९४९ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्या वेळी हस्तलिखितात होता आणि त्याच्या प्रकरणांवर वर्गात चर्चा होत असे.

हेब यांचे प्रतिपादन असे होते : दोन चेतापेशी वारंवार एकापाठोपाठ उद्दीपित झाल्या की त्यांच्यातील जोडणी बळकट होते. अनुभवाने प्रथम मेंदूत क्षणिक हालचाल निर्माण होते. ती टिकून राहिली, तर रचनेतच बदल घडतो आणि स्मृती स्थिर होते. म्हणजे क्षणिक स्मरण आणि दीर्घकालीन स्मरण या दोन वेगळ्या अवस्था ठरतात. हा सिद्धांत मोलाचा होता. परंतु त्याची कसोटी प्रत्यक्ष माणसातच लागावयाची होती.

ती कसोटी एका मोठ्या दुःखातून पुढे आली. अमेरिकेतील हेन्री मोलेसन नावाच्या तरुणास लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. १९५३ मध्ये, तो सत्तावीस वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथील शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतील भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस या अवयवाचा बराचसा भाग होता. झटके कमी झाले. मात्र त्या दिवसापासून त्याला नवे काही लक्षात ठेवता येईना. नुकतीच भेटलेली व्यक्ती थोड्या वेळाने परत आली, तर ती त्याला अनोळखी वाटे.

१९५५ मध्ये मिल्नर यांनी त्याची तपासणी केली. त्याची बुद्धी शाबूत होती. ५८४ हा आकडा मनाशी घोळवीत त्याने तो सुमारे पंधरा मिनिटे धरून ठेवला. लक्ष दुसरीकडे वळताच आकडाही गेला आणि आपणास काही लक्षात ठेवावयास सांगितले होते, हेही गेले. क्षणिक स्मरण शिल्लक होते. ते स्थिर करणारी वाट तेवढी तुटली होती. १९५७ मध्ये स्कोव्हिल व मिल्नर यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंची अशी शस्त्रक्रिया कोणावरही होऊ नये, असा इशारा स्कोव्हिल यांनी पुढे दिला.

याहून अनपेक्षित गोष्ट पुढेच होती. आरशात पाहून दुहेरी रेषांच्या चांदणीच्या मधून पेन्सिल फिरवावयाची, असे काम मिल्नर यांनी त्याला तीन दिवस दिले. दररोज त्याच्या चुका कमी होत गेल्या. परंतु हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला एकदाही आठवले नाही. हात शिकत होता, आठवण मात्र उरत नव्हती. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणावरून कौशल्याची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती यांसाठी मेंदूत निरनिराळ्या व्यवस्था आहेत, हे स्पष्ट झाले. हेब यांच्या वर्गात ही गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती. परंतु तिचा शोध घेण्यास लागणारा प्रश्न त्या वर्गाने दिला होता.

ही परंपरा पुढेही चालली. मिल्नर यांच्या विद्यार्थिनी सुझॅन कॉर्किन यांनी मोलेसन यांच्यावरील अभ्यास अनेक दशके चालू ठेवला. २००८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मोलेसन यांचे निधन झाले. तोवर ग्रंथांतून ते केवळ दोन आद्याक्षरांनी ओळखले जात. त्यांचे पूर्ण नाव निधनानंतरच जगापुढे आले. २००९ मध्ये त्यांच्या मेंदूचे २४०१ पातळ छेद घेऊन ते अभ्यासासाठी जतन करण्यात आले.

जो तास विद्यार्थ्याला सर्वांत प्रिय वाटतो, त्याचे मोल एका माणसाने पंचावन्न वर्षांच्या आसपास असे चुकविले आहे. आपण जगाला काय दिले, हे सांगितल्यावरही ते त्यांच्या ध्यानात राहत नसे. त्यांच्या वतीने ते ध्यानात ठेवण्याचे काम आता शिकणाऱ्याकडे आले आहे. हे विषय निवडणाऱ्या तरुण वाचकांनी परीक्षेसाठी प्रयोगांची नावे अवश्य पाठ करावीत. मात्र त्या प्रत्येक नावामागे एक माणूस होता, हे विसरू नये.