राहुरी, अकोला की दिल्ली? एम.एस्सी. (कृषी) प्रवेशाची चौकट

पदवी : मुदत 2 वर्षे, 4 सत्रे. अभ्यासक्रमासोबत संशोधन आणि प्रबंध सक्तीचे.

राज्यातील चार कृषी विद्यापीठे (कंसाबाहेरील वर्ष स्थापनेचे)
- महात्मा फुले, राहुरी (जि. अहिल्यानगर) : 1968
- डॉ. पंजाबराव देशमुख, अकोला : 1969
- वसंतराव नाईक मराठवाडा, परभणी : 1972
- डॉ. बाळासाहेब सावंत कोकण, दापोली : 1972

दिल्लीचा पर्याय : भारतीय कृषी संशोधन संस्था. 1905 मध्ये बिहारमधील पुसा येथे स्थापना, 1936 मध्ये दिल्लीत स्थलांतर, 1958 पासून अभिमत विद्यापीठ.

दोन वाटा, दोन परीक्षा
- राज्य कोटा : राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा. गुणवत्ता यादी आणि पसंतीक्रमानुसार जागावाटप.
- राष्ट्रीय कोटा : भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अखिल भारतीय परीक्षा. राज्याबाहेरील विद्यापीठांतही प्रवेश, पात्र विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती.

विद्यापीठ एक, केंद्रे अनेक : राहुरीच्या विद्यापीठाची पुणे, धुळे व कोल्हापूर येथेही कृषी महाविद्यालये आहेत. पदवी एकाच विद्यापीठाची. मार्गदर्शक, प्रयोगशाळा आणि प्रक्षेत्र मात्र वेगळे.

पीक आणि मुदत : सोयाबीनची पेरणी जून-जुलैत, काढणी साधारण ऑक्टोबरमध्ये. सुरू ऊस सुमारे 12 महिन्यांचा, आडसाली 16 ते 18 महिन्यांचा. प्रबंधाचा विषय ठरवताना पिकाचा कालावधी 2 वर्षांत बसवावा लागतो.

दोन जागा हाती असतील तर तपासा
- विषय व मार्गदर्शक
- शिष्यवृत्ती, शुल्क, वसतिगृह
- प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख आणि शुल्क परताव्याचा नियम
- मूळ कागदपत्रे कोठे व कधी जमा करायची