बांगडा शोधला, बांगडी आली

मालवण किनाऱ्यावरची मासळी, खाणावळी, दुकाने आणि राहण्याची घरे यांची माहिती देणारी एखादी मराठी वेबसाइट घ्या. तिच्या शोधपेटीत 'बांगडा' लिहिले की बांगडीचे दुकानही पुढे येते. 'देवगड' शोधणाऱ्याला कर्ली नदीच्या मुखाजवळचे देवबाग दिसते. शोधाचे काम करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, बिघडली, असा समज लगेच होतो. बहुतेकदा ती नेमून दिलेलेच काम करत असते.

अशा अंदाजी शोधाला अर्थ कळतो, हा सर्वांत पक्का गैरसमज. असा शोध फक्त अक्षरांची तफावत मोजतो. व्लादिमिर लेव्हनश्टाइन यांनी 1965 साली मांडलेल्या मापाचा हिशेब सरळ आहे: एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात? बांगडा आणि बांगडी यांत बदल एकच, शेवटच्या मात्रेचा. 'कोलंबी' आणि मालवणीतली 'सुंगटा' मात्र त्याच्या लेखी पूर्ण परकी, ताटात एकच असली तरी.

'फ्यूज जेएस' ही जावास्क्रिप्टमधली लोकप्रिय लायब्ररी. तिचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती तफावत चालवून घ्यायची ती मर्यादा, मुळात 0.6 असतो आणि अनेक जण तो साठ टक्के साम्य म्हणून वाचतात. मोजणी उलटी आहे: 0 म्हणजे तंतोतंत जुळणी, 1 म्हणजे काहीही चालेल. 'तारली' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने पाच चिन्हे आहेत. त्यांतली पहिली तीन 'तारकर्ली'त सापडतात, दोन चुकतात. पाचांत दोन चुका म्हणजे गुण 0.4, अर्थात 0.6 च्या आत. म्हणून मासळी शोधणाऱ्याला पर्यटनाचे गाव मिळते.

याहून बुचकळ्यात टाकणारा प्रकार म्हणजे अचूक लिहिलेला शब्द न सापडणे. ही लायब्ररी शब्द मजकुराच्या सुरुवातीजवळ असेल असे धरून चालते आणि दर 100 चिन्हांच्या अंतराला गुणात 1 ची भर घालते. त्यामुळे वर्णनात साठाव्या चिन्हाच्या पुढे आलेले 'तारकर्ली' बिनचूक असूनही गळते. देवनागरीत हे अधिक लवकर घडते, कारण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. 'वेंगुर्ला' डोळ्यांना तीन अक्षरी. संगणकाला नऊ चिन्हांचा.

थ्रेशोल्ड 0.3 वर आणला की सगळे सुटेल, हेही खरे नाही. तारकर्ली आणि देवबाग हटतील, पण बांगडी राहील, कारण सहांत एक चूक म्हणजे जेमतेम 0.17. शिवाय शोधाची हद्द साठ चिन्हांवरून तीसवर येईल. ही हद्द काढायला 'इग्नोअर लोकेशन' हा पर्याय चालू करावा लागतो. गावाचे नाव लांब वर्णनात न पुरता स्वतंत्र रकान्यात ठेवले तरी बरेच साधते, कारण प्रत्येक रकान्याची मोजणी नव्याने सुरू होते. मासे आणि दागिने यांचे वर्ग वेगळे करून आधी वर्ग निवडायला लावणे, हा बांगडीवरचा खरा उपाय. आणि कोलंबीच्या नोंदीत 'सुंगटा', सुरमईच्या नोंदीत 'इसवण' ही नावे माणसानेच भरायची असतात.