ढिशूम प्रताधिकार दावा
ढिशूम प्रताधिकार दावा हा इरॉस इंटरनॅशनल या चित्रपट कंपनीने भारत संचार निगम व अन्य इंटरनेट सेवा पुरवठादारांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेला दावा होय. ढिशूम हा हिंदी चित्रपट २९ जुलै २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या चोरट्या प्रती महाजालावर पसरू नयेत, हा दाव्याचा हेतू होता. चोरटी प्रत टाकणारे अज्ञात असल्याने अशा दाव्यांत प्रतिवादीस 'अशोक कुमार' हे कल्पित नाव देण्याची प्रथा आहे.

न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार दिला, कारण त्यांवर वैध मजकूरही असू शकतो. पडताळणी करून शपथपत्रासह सादर केलेले १३४ दुवे तेवढे रोखण्याचा आदेश २६ जुलैला झाला.

रोखलेल्या पानावर मात्र चोरटी प्रत नुसती पाहणे हाही दंडनीय गुन्हा असल्याची सूचना झळकू लागली. जुन्नर वा आंबेगावातील एखाद्या विद्यार्थ्याने दुवा उघडला, तरी त्याच्यापुढे तुरुंगवासाचीच भाषा येई. ऑगस्टमध्ये न्यायालयाने हे विधान चुकीचे ठरवले. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार परवानगीविना वितरण, सार्वजनिक प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा ठरतो, नुसते पाहणे नव्हे. यावरून प्रती उतरवून वाटण्यास मोकळीक मिळाली, असा अर्थ काढणे चूक आहे.