काररवाना

बारामती-इंदापूर पट्ट्यात नुसते ‘कारखाना’ म्हटले की ऐकणाऱ्याला साखर कारखानाच कळतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर ही नावे घेतली की पाठोपाठ धुराडे डोळ्यांपुढे येतेच. आता हा रोजचा शब्द जुन्या वळणाने लिहून पाहा. त्या वळणात ‘ख’ म्हणजे शेजारी शेजारी उभे राहिलेले र आणि व; खाली त्यांची गाठ पडलेली नसते. मग कारखान्याची बातमी वाचताना डोळ्याला ‘कार रवाना’ दिसू शकते आणि साखरेची ‘सारवर’ होऊन ती सारवणाच्या शेणाशी नाते सांगू लागते. उलट, ‘पाहुणे पुण्याला रवाना झाले’ हे वाक्य बातमीदाराच्या घाईच्या अक्षरातून छापखान्यात पोचले की ‘पाहुणे पुण्याला खाना झाले’ असे छापून यायला कितीसा वेळ!

अशा चुकीला मराठीने नाव दिले ‘मुद्राराक्षस’. विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकात राक्षस हे नंदांच्या अमात्याचे नाव आणि मुद्रा म्हणजे त्याची अंगठी. चाणक्य त्याच अंगठीचा शिक्का एका बनावट पत्रावर उमटवतो आणि राक्षसाला त्याच्याच मित्राच्या नजरेत शत्रू ठरवतो. पुढे मुद्रेचे मुद्रण झाले, अमात्याचा खराखुरा राक्षस झाला आणि तो छापखान्यात राहायला आला. मला हा शब्द फार आवडतो. कागदावर उमटलेल्या खुणेने अर्थ फिरतो, हे मूळ नाटकातही आहे आणि छापखान्यातही.

हा राक्षस राहायचा कुठे? खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या खणाखणांच्या पेटीत. देवनागरीसाठी काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे असे शेकडो खिळे लागत. इंग्रजी अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हाताशी दोन केस पुरत. मराठी जुळारी केस मांडलेल्या घोड्यापुढे उभा राहून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हात टाकत असे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजव्या हाताने खिळा उचलायचा, बोटाला खाच लागली की बाजू कळायची. अक्षर उलटे, आरशातल्यासारखे. पण सराईत जुळारी खिळ्याकडे बघतच नसे. नजर हस्तलिखितावर आणि खिळ्याचा खण हाताला पाठ.

खरी गोम इथेच आहे. छपाई झाली की तेच खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात सोडायचे, उद्याचा अंक त्यातूनच जुळायचा. सोडताना एखादा ‘घ’ चुकून ‘ध’च्या खणात पडला, तर तो तिथे गुपचूप पडून राही. दोन दिवसांनी जुळाऱ्याचा हात बरोबर ‘ध’च्या खणात जाई आणि बोटात येई ‘घ’. धनाचे घन होई. भ आणि म, व आणि ब, थ आणि य यांचीही अशीच अदलाबदल. ज्याच्या नावावर चूक लागली त्याचा हात अगदी बरोबर गेलेला असायचा. चूक झालेली असायची परवा, दुसऱ्याच कुणाच्या हातून. म्हणून जुनी वृत्तपत्रे वाचताना जुळाऱ्याला झोपाळू म्हणणे मला पटत नाही. मिणमिणत्या दिव्याखाली, शिशाच्या धुळीत उभे राहून तो हजारो खिळे उचलत होता.

या कामाची थोरवी ज्याने आयुष्यभर ओळखली तो माणूस म्हणजे जावजी दादाजी. लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागलेल्या या मुलाने 1864 साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. राणूजी रावजी आरू यांनी घडवलेली तिथली अक्षरे आणि तिथल्या मुद्रितशोधकांची शिस्त यांमुळे निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत असा लौकिक झाला. छापखाना चूक काढण्यावर किती पैसा आणि किती विद्वान खर्च करतो यावर राक्षसाची ताकद ठरते. तालुक्याच्या साप्ताहिकाला ते कुठून परवडणार? तिथे अनेकदा संपादक, बातमीदार आणि मुद्रितशोधक एकच.

बारामतीला एका अक्षराची किंमत छापखान्याच्याही आधीपासून ठाऊक होती. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत इथे कऱ्हेकाठी राहिले आणि 1794 साली वारले. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले ते 1805 साली. म्हणजे पंतांनी आपली ओळ छापलेली कधी पाहिलीच नाही. पण त्यांच्याइतका छापखान्याला अवघड कवी दुसरा नसेल. आर्या वृत्ताच्या पहिल्या ओळीत मात्रा 30, दुसरीत 27. एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली की हिशेब बिघडला. त्यांचे निरोष्ठ रामायण तर ओठांना ओठ न लावता म्हणायचे. त्यात प, फ, ब, भ, म यांना मज्जाव. आता खिळा झिजून ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ उडाली असे समजा. उरतो ‘प’. ज्या अक्षराला पंतांनी दाराबाहेर ठेवले तेच झिजलेल्या शिशाच्या रूपाने आत येते.

एवढीशी गळती किती महाग पडू शकते याचा गाजलेला दाखला लंडनचा आहे. 1631 साली रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन ल्यूकस यांनी छापलेल्या बायबलात दहा आज्ञांपैकी व्यभिचाराबद्दलच्या आज्ञेतला नकारच गळाला आणि व्यभिचार करावा अशी आज्ञा छापली गेली. मुद्रकांना 300 पौंड दंड झाला. मराठीत तर नकार कित्येकदा एका अक्षरावर तोललेला असतो. ‘अविश्वास ठराव’ यातला पहिला ‘अ’ गळाला की अध्यक्षाला खुर्चीवरून उतरवायला जमलेले संचालक त्याचीच पाठराखण करू लागतात. सहकाराच्या या मुलखात असा अंक गावात पोचला तर काय होईल, हे इथल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

छायाचित्रांचे ठोकळे हा आणखी एक फास. जस्ताचा ठोकळा लाकडावर ठोकलेला, त्यावरचा चेहरा उलटा आणि मजकूर वेगळा जुळवलेला. एका पानावर वाढदिवसाचे अभीष्टचिंतन आणि भावपूर्ण श्रद्धांजली शेजारी आली की ठोकळ्यांची अदलाबदल व्हायची धास्ती. ही चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कात्रण जपून ठेवणाऱ्या घराला पुढच्या अंकातली चार ओळींची दुरुस्ती पुरत नाही.

खिळ्यांच्या गर्दीवर उपाय शोधायला लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’साठी डोके लढवले होते, टाइपांची संख्या कमी करणे हा त्यांचा ध्यास होता. अक्षरांच्या सारखेपणावर मात्र पुढे तोडगा निघाला. 1953 साली लखनौला भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ध आणि भ यांना घुंडी दिली, म्हणजे ते घ आणि म यांच्यापासून वेगळे दिसावेत. आणि ‘ख’मधला र खालून व ला जोडला. राक्षस बरोबर कुठे बसतो हे ओळखून मारलेला हा खिळा होता.

खिळे वितळले, ऑफसेट आले, संगणक आला. आता फॉन्ट बदलताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, हा त्या राक्षसाचा नवा मुक्काम. पण हाताने लिहिणाऱ्या कितीतरी मराठी माणसांचा ‘ख’ आजही खालून सुटाच असतो. घाईने लिहिलेल्या चिठ्ठीत ‘उद्या कारखान्यावर येतो’ हे वाक्य वाचताना डोळा क्षणभर अडखळतो, र कडून व कडे जातो, आणि मग उसाच्या रसाचा वास आठवून योग्य तो शब्द वाचतो.