शिंजीर, फुलटोच्या आणि आंब्यावरील बांडगूळ

सह्याद्रीच्या रानांत व रानालगतच्या बागांत तांबड्या गळ्याचा, पिवळ्या कमरेचा, चिमणीहून लहान असा एक पक्षी फुलांवरून फिरतांना वाचकांनीं पाहिला असेल. हा सह्याद्री शिंजीर होय. साइक्स नामक इंग्रज अधिकाऱ्यानें १८३२ सालीं दक्षिणेंतील पक्ष्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत त्याचें वर्णन प्रथम आलें. शास्त्रज्ञ त्यास ‘इथोपायगा’ ह्या प्रजातींत घालतात. त्या प्रजातीचे कांहीं भाऊबंद हिमालयांत राहतात. आमचा हा पक्षी मात्र पश्चिम घाट सोडून अन्यत्र वसत नाहीं. थाट सारा नराचा. मादी बिचारी मळकट हिरवी.

शिंजीरकुळांतील पक्षी आंब्यावरील बांडगुळाच्या फुलांशीं वारंवार घुटमळतात. तेव्हां बांडगूळ हेच पसरवितात, असा बागाइतदारास संशय येणें साहजिक आहे. तो अर्धाच खरा. सलीम अली यांनीं कोकणांत ह्या प्रश्नाचा अभ्यास करून १९३१ सालीं लेख लिहिला. शिंजीर फुलांत चोंच घालून मध पितो व अंगास लागलेला पराग पुढच्या फुलास पोंचवितो. म्हणजे फळ धरण्यास त्याचें साह्य होतें खरें. परंतु बी नेणारा पक्षी निराळा, तो फुलटोच्या. आंगठ्याएवढा हा जीव बांडगुळाचें पिकलेलें फळ गिळतो. बियेभोंवतीं चिकट पदार्थ असल्यामुळें विष्ठेवाटे ती सहज सुटत नाहीं. मग फांदीवर अंग घांसून तो तिला सोडवितो, आणि ती तेथेंच रुजते. एका बांडगुळाचीं पांच कां होतात, याचा उलगडा येथें होतो.

शिंजीर हांकलून कांहीं साधणार नाहीं. उलट पिलांस तो किडे व कोळी भरवितो, हें आपल्याच कामाचें. इलाज कोयत्याचा आहे. बांडगुळाचीं शोषक मुळें फांदीच्या लांकडांत शिरून तिचें पाणी ओढतात, व पुढचा शेंडा हळूहळू वाळतो. नुसतें ओरबाडून काढल्यास आंत राहिलेला भाग पुन्हां फुटतो. म्हणून जोडाच्या खालीं वीतभर अंतर ठेवून फांदीच कापावी, आणि तीहि फळें पिकण्याआधीं. शेजाऱ्याचें झाड तसेंच राहिलें तर आपली मेहनत फुकट, कारण फुलटोच्यास बांध दिसत नाहीं. तेव्हां दोघांनीं मिळून एकाच आठवड्यांत हें काम उरकावें.